टीव्हीला सांगायच्या गोष्टी

लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आणि काकूच्या खोलीत एक लाकडी पार्टिशन आहे. मुळात ती एकच मोठी खोली. माझे बाबा आणि काका एकाच गिरणीत कामाला होते, दोघांची लग्नं झाली, आणि मधोमध फळ्या ठोकून एकाच्या दोन खोल्या केल्या. फळ्यांमुळे दिसायचं बंद झालं, ऐकू यायचं काही बंद झालं नाही. काकूनं कूस बदलली की तिच्या बांगड्या आम्हाला ऐकू यायच्या, आणि आई देवाकडे काय मागते ते काकूला तोंडपाठ होतं. दोघे भाऊ आता नाहीत. चुलतभाऊ लग्न करून पनवेलच्या पलीकडे फ्लॅटमध्ये गेला. म्हणजे त्या बाजूला काकू एकटी, या बाजूला आई आणि मी. मी लग्न केलेलं नाही. त्याची कारणं मजल्यावरच्या लोकांना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत, त्यांनाच विचारावीत.

या दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण ऐकून बाहेरचा माणूस हसतो, लालबागचा हसत नाही. पूर्वी उन्हाळ्यात दोघी मिळून वर्षाचा मसाला करायच्या. मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, देठं खुडायची, खडा मसाला भाजायचा आणि डबे घेऊन कुटायच्या रांगेत उभं राहायचं. एका वर्षी आई तापानं पडली आणि मिरच्या आणायला काकू एकटी गेली. तिनं रंगाची बेडगी जास्त घेतली आणि तिखट मिरची कमी. कुटून झाल्यावर आईनं चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला आणि रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "रंग बरो आसा. भिंतीक लावूक चलात."

काकूनं आपला डबा उचलला आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून मसाले वेगळे झाले आणि बोलणं थांबलं.

अबोल्याला आमच्याकडे नियम असतात. सणाला वाटी जाते, पण हातात द्यायची नाही, उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे वळायचं. आजारपणात जायचं, उशाशी बसायचं, कपाळाला हातसुद्धा लावायचा, पण कसं वाटतंय हे विचारायचं ते डॉक्टरला. सगळ्यात कडक नियम पहिलं कोण बोलणार याचा. काकूचं म्हणणं, आईनं चारचौघींत अपमान केला, म्हणून तोंड आईनं उघडायचं. आईचं म्हणणं, बोलणं टाकलं काकूनं, म्हणून सुरुवात तिनं करायची. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे तोडगा निघण्याची शक्यता नव्हती.

सुरुवातीची काही वर्षं मधली टपालवाली मी होते. काकू समोर पापड वाळत घालत असायची आणि आई मला सांगायची, "तुझ्या काकूला सांग, पाणी लवकर जाणार आहे आज." मी मान वळवून काकूला सांगायचे. काकू मला सांगायची, "आईला सांग, ऐकलं." एकदा मी कंटाळून दोघींना म्हटलं की मी ऑफिस सोडते, तुम्हीच मला पगार द्या. दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं, आणि त्या बाबतीत त्यांची कशी एकी आहे हे मला कळलं.

मग टीव्हीवर तो कार्यक्रम आला आणि माझी नोकरी गेली.

अनोळखी माणसांना एका घरात कोंडायचं, चोवीस तास कॅमेरे लावायचे, आणि दर आठवड्याला लोकांच्या मतांनी एकेकाला बाहेर काढायचं, असा तो कार्यक्रम. आमच्या मजल्यावर त्याला नुसतं 'घर' म्हणायचे. "घर लागलं का?" असं एकमेकांना विचारायचे आणि आपापल्या घरातली कामं टाकून टीव्हीसमोर बसायचे. पहिल्या पर्वात तर जेवणं लांबायची. कारण त्या घरात तेव्हा सामान मोजून मिळायचं. एका नटानं सगळ्यांच्या वाट्याची साखर एकट्यानं चहात घातली, तर आमच्या मजल्यावर दोन पक्ष पडले. दुसऱ्या दिवशी नळावर कुणाच्या बादलीपेक्षा त्या साखरेची चर्चा जास्त. एकानं संडासात जास्त वेळ लावला म्हणून दुसऱ्यानं दार वाजवलं, त्यावर तीन दिवस कार्यक्रम चालला आणि आमच्याकडे कुणालाही ते ताणल्यासारखं वाटलं नाही. या विषयातले आम्ही जाणकार.

आईनं एका वयस्कर, करड्या अभिनेत्रीची बाजू घेतली. काकूनं लगेच तिच्या विरोधातली तरणी पोरगी धरली. दोन खोल्यांत दोन टीव्ही, दोन्हींवर तोच कार्यक्रम. काही दिवसांतच माझ्या लक्षात आलं की दोघी कार्यक्रमाशी बोलत नाहीयेत.

एकदा आई टीव्हीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "मोरी तुंबली की केस काढायचे असतात गो बाई. नोकर ठेवलेत काय?" पडद्यावर तेव्हा सगळे बागेत बसून व्यायाम करत होते. मोरीचा काहीही संबंध नव्हता. आमची आणि काकूची मोरी मात्र एकाच पाइपाला जाते. पलीकडून काकूचा आवाज आला, तोही तिच्या टीव्हीला उद्देशून, "त्या पोरीचे केस खांद्यापर्यंत. लांब केस कोणाचे आहेत ते आधी बघा म्हणावं." आईनं शेपटा पुढे घेऊन पाहिला. सकाळी मोरी साफ होती, कुणी केली ते आजवर कळलेलं नाही.

मग सगळा कारभारच तसा सुरू झाला. पाणी कधी येणार, चुलतभावाच्या घरी बाळ होणार, गावच्या गणपतीला यंदा कोण जाणार, सगळं त्या घरातल्या माणसांना सांगितलं जायचं. काकूला गुडघ्याचा त्रास सुरू झाला, हे आईला असंच कळलं. काकू टीव्हीला म्हणाली, "बसू दे गो तिला. दुखत असेल पोरीचा गुडघा." ती पोरगी तेव्हा नाचत होती. आईनं दुसऱ्या दिवशी निर्गुडीचं तेल आणलं आणि काकूच्या उंबऱ्यावर ठेवलं. रात्री काकू टीव्हीला म्हणाली, "आता बरा चालतोय पाय." पोरगी झोपली होती.

यात एक तांत्रिक अडचण होती. आमच्याकडे केबल, काकूकडे डिशची छोटी तबकडी. तिचा टीव्ही आमच्यापेक्षा थोडा मागे चालायचा. त्यामुळे आई जे आधीच पाहून बसायची ते काकूला अजून दिसायचं असायचं. आई म्हणायची, "आता बघा, रडेल." आणि पलीकडे कुणीतरी रडायचं. आई माणसं कशी ओळखते, या गोष्टीचा काकूला पुष्कळ मनस्ताप झाला. मजल्यावरच्या कुणीतरी तिला खरं काय ते सांगितलं तेव्हा तिनं तबकडी काढून टाकली आणि आमच्याच केबलवाल्याला बोलावलं. त्या संध्याकाळी दोघी एकाच क्षणी हसल्या. फळीच्या दोन्ही बाजूंनी एकदम हसू आलं आणि दोघी एकदम गप्प झाल्या. मला तेव्हा वाटलं, आता बोलतील. नाही बोलल्या.

पर्वामागून पर्वं आली आणि कार्यक्रम हळूहळू बिघडला. ऑफिसातले लोक म्हणायचे, आता सगळं मोबाइलवर दिसतं, तासभर कोण बसेल. ते खरं असेलही, पण आमच्या चाळीत लोकांना बसायला वेळ कमी पडत नाही. आईचं निदान वेगळं होतं. त्या घरात आता खायला भरपूर मिळायचं. स्वयंपाकघर चकाचक, फ्रिज भरलेला, आणि माणसं भांडायची ती स्वाभिमानावरून. आई म्हणायची, "भरल्या पोटी कसलं भांडण. साखर संपू दे, मग बघू स्वाभिमान." शिवाय नवीन आलेल्या सगळ्यांनी आधीची पर्वं पाहिलेली. कोणत्या कॅमेऱ्यापुढे रडायचं, कधी मिठी मारायची, कधी ताट आपटायचं, सगळं शिकून आलेले. सकाळी आपटलं की दुपारी "आपण एक कुटुंब आहोत" म्हणून गळ्यात पडायचे. मागे पेटी-तबला, व्हायोलिन, काय काय वाजायचं. आईला त्याचा खरोखर राग यायचा. एका मिठीत संपतं ते भांडण कसलं, असं तिचं मत, आणि या मताला तिच्या स्वतःच्या आयुष्याचा भक्कम आधार होता.

एकदा ती एक गोष्ट बोलली ती मला पटली. दोन बायका एकमेकींना काय वाटेल ते बोलत होत्या, आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "यांना उद्या एकमेकींचं तोंड बघायचं नाही. कार्यक्रम संपला की ही आपल्या गाडीत, ती आपल्या गाडीत. म्हणून बोलू शकतात." पलीकडून काकूनं नुसतं हुं केलं. ते टीव्हीला होतं की आईला, हे मी ठरवू शकले नाही.

मजल्यावरचं एकेक बिऱ्हाड 'घर' बघायचं बंद झालं. कुणी क्रिकेट लावायचं, कुणी सासू-सुनांची मालिका. शेवटी उरलो आम्ही आणि काकू. आणि खरं सांगायचं तर त्या दोघीही बघत नव्हत्या. मी एकदा पाहिलं, आई टीव्हीसमोर डोळे मिटून पेंगत होती. पार्टिशनपाशी जाऊन कान लावला तर पलीकडून काकूचं घोरणं. दोन टीव्हींवर दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि फळीच्या दोन्ही बाजूंना माणसं गाढ झोपलेली. मी आमचा टीव्ही बंद केला. आई दचकून उठली आणि म्हणाली, "राहू दे. लाव." कशाला, विचारलं तर म्हणाली, "ती काही बोलली तर?"

यंदाचं पर्व त्याहून वाईट होतं. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी बाहेर पडली. जाताना रडरड, मिठ्या, व्हायोलिन, सगळं रीतसर. आई कंटाळून जांभया देत होती. तेवढ्यात काकूचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"जाऊ दे गो बाई. म्हातारपणी माणसाक लेकाच्या मागसून जावचाच लागता. ह्या पर्वानंतर जायत."

ती मुलगी विशीची होती आणि तिला लेक वगैरे असण्याचं काही कारण नव्हतं. आईची जांभई अर्धीच राहिली. पलीकडे काकूनं आवाज वाढवला, इकडे आईनं कमी केला. मी चुलतभावाला फोन केला. खरं होतं. काकूचा गुडघा, तीन जिने, एकटी बाई, आणि त्याच्याकडे लिफ्ट. खोली भाड्यानं द्यायची. काकूनंच त्याला अट घातली होती की 'घर' संपेपर्यंत इथून हलणार नाही. त्याला वाटलं, त्याच्या आईला टीव्हीचा नाद आहे. तो म्हणाला, "ताई, टीव्ही आमच्याकडे पण आहे ना."

आणि मग बातमी आली की कार्यक्रम कुणी बघत नाही म्हणून यंदा लवकर गुंडाळणार.

माझ्या आईनं त्यानंतर जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं तो कार्यक्रम वाचवायला घेतला. जो तिला बघवत नव्हता, ज्याला ती रोज शिव्या घालत होती, त्याच्या प्रचाराला ती बाहेर पडली. नळावर, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी, सत्यनारायणाला, जिथे बायका भेटतील तिथे आई 'घर' किती छान झालंय ते सांगत होती. निवडणुकीत सुद्धा ती एवढी फिरली नव्हती. मला म्हणाली, मोबाइलवरून मत देता येतं ना, दे. मी विचारलं कुणाला. "कुणालाही. मोजणारे मोजतील ना, की लोक बघतायत." आमच्या महिला मंडळाच्या भजनाच्या दिवशी तिनं पेटी बाजूला ठेवून सगळ्यांचे मोबाइल मागितले आणि मला एकेकीला ते ॲप घालून द्यायला लावलं. एका बाईनं विचारलं, "पण काय बघायचं काय त्यात आता?"

गेली कितीतरी पर्वं आई स्वतः हेच विचारत आली होती. मग ती म्हणाली, "चालू तरी ठेवा. आवाज बंद करून ठेवा हवं तर." बायका हसल्या. मलाही हसू आलं. घरी आल्यावर मी तिला सरळ म्हटलं, की सहा पावलांवर दार आहे, जा आणि बोल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला नळाखाली उभं राहून साडी बदलायला सांगितलं होतं. म्हणाली, "मीच कशी? बोलणं तिनं टाकलंय."

तेच वाक्य काकूच्या बाजूनं म्हटलं असतं तर मी काकूवरही एवढीच चिडले असते. पण आई माझी असल्यामुळे सगळा राग तिच्या वाट्याला आला. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, ती मतं गोळा करत होती.

आमच्या मजल्याच्या मतांनी काही झालं नाही. कार्यक्रम गुंडाळला. शेवटच्या भागात कोण जिंकलं ते आज मला आठवत नाही, आईला त्या दिवशीही ठाऊक नव्हतं. ती पूर्ण वेळ पार्टिशनकडे तोंड करून बसली होती. सूत्रसंचालक हात जोडून प्रेक्षकांचे आभार मानत होता. पलीकडून एकदा काकू खोकली. आईनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग जाहिराती लागल्या.

रविवारी सकाळी चुलतभाऊ टेम्पो घेऊन आला. सामान खाली न्यायला मजल्यावरचे लोक धावले, मी पण. आई खोलीतच राहिली. तिनं सांगितलं होतं की ती निरोप द्यायला बाहेर येणार नाही, कारण ती काकूशी बोलत नाही. कपाट गेलं, खाट गेली, भांड्यांची पोती गेली. काकू रिकाम्या खोलीत एका स्टुलावर बसून कोण काय उचलतंय ते पाहत होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि सारखी नाक पुसत होती. मी पाणी आणायला आमच्या खोलीत आले, तर आई टीव्ही लावत होती.

भर सकाळी. 'घर' संपलेलं. शेतीविषयक काहीतरी चाललं होतं, एक माणूस टोमॅटोवरच्या किडीबद्दल सांगत होता. आईनं आवाज मोठा केला, पार्टिशनपाशी खुर्ची ओढली, आणि त्या टोमॅटोवाल्याला म्हणाली, "काही माणसा जातत ती सांगान पण जानत नाय. इतक्या वर्सांची वस्ती, आणि जाताना एक शब्द नाय."

पलीकडे खोली रिकामी असल्यामुळे आवाज घुमला असावा. मग काकू बोलली. तिच्या बाजूनं टीव्हीचा आवाज नव्हता, कुठलाच आवाज नव्हता.

"वयनी, माझो टीव्ही गेलो टेम्पोत. तुमी आता कोणाक सांगतास?"

आई खुर्चीत ताठ झाली. टोमॅटोवाला औषध किती फवारायचं ते सांगत होता. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी. मग तिनं हात लांब करून टीव्ही बंद केला. आई फळ्यांकडे बघत राहिली, आणि टीव्हीपुढे मोठ्यानं बोलायची सवय लागलेल्या त्या बाईचा आवाज असा बारीक झाला की मलाच जेमतेम ऐकू आला.

"तुकाच सांगतंय गो."

खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी गॅलरीत जाऊन त्याला हातानं थांब म्हटलं. मागे आमच्या दाराची कडी वाजली आणि आई माझ्या पाठीमागून अनवाणी काकूच्या खोलीकडे गेली. टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवू लागला तेव्हा मी खाली उतरले आणि त्याला सांगितलं की अजून बराच वेळ लागेल, चहा पिऊन ये.